रसायनात दोन

एपीचा निकाल आला.
इतिहासात पाच, रसायनात दोन.
ब्रिन म्हणाली, डॅड,
गुण कॉलेजला पाठवायचे पंधरा डॉलर,
आणि हा दोन लपवायचा
तर वर आणखी दहा.

मी हसलो. नेब्रास्काच्या या टेकड्यांत
लपायला झाडसुद्धा नाही.

मग आठवलं,
पेपरच्या आदल्या रात्री गाय अडली होती.
मी ट्रक घेऊन लांब, वायोमिंगात.
हिनं एकटीनं कोपरापर्यंत हात घालून
वासरू फिरवलं, ओढलं,
पहाटे चारला.
आठला पेपर. नखांत रक्त.

वासरू आता कुंपणापाशी
दिसेल त्याची बाही चघळतं.

मी दहाची नोट टेबलावर ठेवली.
तिनं परत सरकवली.
जाऊ दे त्यालाही, म्हणाली,
आणि बटण दाबून
गुरांचं पाणी बघायला गेली.