शेऱ्याचा रकाना

उंदराची शेपूट आधी कोमट पाण्यात धरायची,
मग टोकाला एवढीशी कात्री.
एक थेंब काचेवर, वर पातळ काच,
आणि श्वास रोखून खाली बघायचं.
अकरा वर्षं मी हेच करते,
जॉसच्या पठारावर, जनरेटर चालू असेल तेव्हा.

गिदादो पहाटेच येऊन बसला होता फाटकाशी,
हरमाटनच्या धुळीनं भुवया पिठाळलेल्या,
मागे दोरीला त्याची गाय, ओले.
त्यांच्या बोलीत ओले म्हणजे पिवळसर.
आता पिवळी कुठली, बरगड्या मोजून घ्याव्यात,
डोळ्यांच्या कडा कागदागत पांढऱ्या.
"सम्मोरे," तो म्हणाला. माशीचं दुखणं.

सालही त्यानंच आणून दिली होती, मदाचीची,
मागच्या पावसाळ्याआधी, पोतंभर.
गोल सोलायचं नाही, बजावलं होतं,
उगवतीकडची वीतभर आपली,
मावळतीकडची झाडाची.
आम्ही ती वाळवली, कुटली,
तीन दिवस मिथेनॉलमध्ये बुडवली,
गाळून उरलं ते काकवीसारखं काळं.
जिभेला लावलं, तर दुपारचा चहासुद्धा कडू.

डॉक्टर नानरेतनं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.
ओलेचंच रक्त होतं.
बराच वेळ तो बोलला नाही.
मग: "हे तर लुचतायत.
वासरं कासेला ढुशा देतात ना,
तशा ढुशा देतायत, त्या तांबड्या गोळ्यांना."
अकरा वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.
मी मोजत होते.

मग पिंजरे.
यांना काय देता?
नेहमीची सुई.
आणि यांना?
तुझी साल, थोडी. पलीकडच्यांना जास्त.
त्या कोपऱ्यातल्यांना?
पाणी.
"आजारी पाडून, पाणी?"
तुलनेसाठी, मी हौसात म्हणाले.
शब्द बरोबर होता, पण तोंडात जड झाला.
तो कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला,
ओळखीच्याच्या दारात बसावं तसा,
जरा वेळ.

चौथ्या दिवशी जास्त सालवाल्यांचं रक्त निवळायला लागलं.
सहाव्याला काच स्वच्छ,
पेशी नुसत्या पडून, कुणी ढकलत नाही.
नानरेतनं चक्क शीळ घातली.
नवव्या दिवशी, एक.
डोळे चोळले, काच बदलली.
दोन. पाच.
परत आले होते, ढुशा देत.

गिदादोला फोन लागला तेव्हा मागे वारा, हंबरणं.
ओलेला आम्ही सुई दिली होती,
तो वर सालही पाजत होता.
"चालतेय," म्हणाला. "कशानं, ते तिलाच विचारा."
मी उंदरांचं सांगितलं.
"कान्वा किती घातलात?"
कसला कान्वा?
"खार. तळ्याकाठचा.
सालीबरोबर उकळावाच लागतो,
नाहीतर ती नुसती कडू."
तू सांगितलं नाहीस.
"तुम्ही झाडाचं विचारलंत."

वहीत तारीख, गट, वजन, मोजणी.
शेऱ्याच्या रकान्यात आजवर मी 'मृत' लिहीत आले
किंवा काहीच नाही.
आज लिहिलं: खार. विचारायचा राहिला.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
कोपऱ्यातला तिसरा, पाण्यावरचा,
अजून आहे.