चाचणीचा तुकडा

मशीन आणलं तेव्हा टेम्पोवाल्याने विचारलं,
'वहिनी, शिलाईचं? मला वाटलं लेथ आहे.'
अंबडच्या बंद पडलेल्या हातमोज्यांच्या कारखान्यातलं,
हिरव्या रंगाचे पोपडे निघालेलं,
टेबलासकट ऐंशी किलो.
भद्रकालीच्या बोळात चौघांनी उतरवलं.
तात्या पायरीवर बसून रापीला धार लावत होते.
सासऱ्यांनी वर पाहिलं नाही.

पाटीवर 'लेदर वर्क्स' रंगवून घेतलंय.
पत्ता विचारला तर गल्ली
अजून जातीनेच सांगते.

तात्यांनी शिकवलं ते एवढंच:
कापड माफ करतं. उसवा, इस्त्री फिरवा, विसरून जातं.
चामड्याला पडलेलं भोक म्हणजे पडलेलं भोक.
म्हणून आधी त्याच कातड्याच्या कडेचा तुकडा घ्यायचा,
त्याच जाडीचा, त्याच दोऱ्याने
चार बोटं शिवायचा,
आणि पालथा करून बघायचा.
वरून सगळेच सरळ दिसतात.

मी ते तुकडे टाकले नाहीत.
तारेत ओवत गेले,
किराणावाला बिलं ओवतो तशी.

पहिला म्हशीचा, सुई तेवीस नंबर.
खालच्या अंगाला दोऱ्याचं घरटं.
त्या दिवशी मी रडले होते.
चौक मंडईतून इसाक मिस्त्री आले,
चाक हाताने फिरवत कान लावून ऐकलं,
हुक केसभर सरकवला.
'बिचाऱ्याने आयुष्यभर हातमोजेच शिवलेत.
जाड खायची सवय नाही, हळूहळू भरवा.'
मजुरी अर्धीच घेतली,
उरलेल्या अर्ध्यात
चपलेचा अंगठा शिवून घेतला.

मग देवळालीच्या तबेल्यातल्या लगामाचा एक.
एक कुणाच्या तरी कमरपट्ट्याचा, पैसे अजून यायचेत.
त्यापुढचे सतरा एकाच तपकिरी रंगाचे,
गंगापूर धरणाकडच्या वायनरीचे:
दोन बाटल्या मावतील अशी पिशवी,
नग तीनशे, मुदत चाळीस दिवस.

नमुना बघून साहेब म्हणाले,
छान आहे. फक्त टाका फार मशीनचा वाटतो.
निदान मुठीला तरी हाताचा दिसेल असं काही?
नगामागे साठ रुपये वाढवून देतो.

आत तात्या हसले, ठसका लागेपर्यंत.
उभा जन्म या माणसाने
इंचाला आठ टाके इतके सारखे घातले
की गिऱ्हाईक बोट फिरवून विचारी,
'कंपनीचा आहे ना?'
आणि हाताचा आहे कळलं
की दोन रुपये पाडून मागे.

रात्री म्हणाले, मुठी माझ्याकडे दे.
मेण लावलेला दोरा, दोन सुया, आरी,
गुडघ्यांत धरलेला लाकडी चिमटा.
मी मशीनवर अंगं शिवत होते,
नवरा सातपूरला रातपाळीला,
आणि माझ्या आवाजाच्या मधल्या फटींतून
त्यांच्या दोऱ्याची सरसर ऐकू यायची.

त्यांचा टाका कलायचा. दर दोन-तीन टाक्यांनी
जरासा, वाऱ्याने वेल कलावी तसा.
मला वाटलं, वय झालं, हात कापतो.
काही बोलले नाही.
साहेबांना नेमका तोच आवडला.
'यात माणूस दिसतो,' म्हणाले,
मोबाइल जवळ नेऊन फोटो काढले.

माल गेल्यावर झाडताना
तात्यांच्या बसकराखाली एक तुकडा सापडला.
तपकिरी, कडेचा. त्यावर चार ओळी.
पहिली जन्मभराची, इंचाला आठ, ताठ.
दुसरी किंचित तिरपी.
तिसरी त्याहून.
चौथी अगदीच शिकाऊ पोराची.
तिसरीपुढे पेन्सिलची खूण.

मी तो पालथा करून पाहिला.
मग तारेत ओवला, त्यांना न सांगता.

इसाक मिस्त्री तेल घालायला आले तेव्हा विचारलं,
मशीनला असं कलायला शिकवता येईल का?
त्यांनी तुकडा उजेडात धरला,
बराच वेळ धरला.
'येईल,' म्हणाले,
'पार्ट वेगळा लागतो. महाग आहे.'