खालचा, डावा, पुढचा

दिवसभर मी दुसऱ्यांच्या तोंडात वाकून असते.
बंदरावरचे हमाल, शाळामास्तर,
बोटीवरचा एक निवृत्त कप्तान, ज्याला सुईची भीती वाटते
आणि ती तो समुद्राच्या गोष्टींखाली झाकतो.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आमचं भरतं. भाडंही निघतं,
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर, एकशे बासष्ट पायऱ्या चढून.

आणि रात्री हा.
सात महिन्यांचा एवारिस्तो,
हनुवटीवरून लाळेची तार, एकच गाल लालबुंद,
स्वतःची मूठ अशी चावतोय
जणू तिनंच त्याचं काहीतरी चोरलंय.

दवाखान्यात मी कुणालाही सांगते:
गार चमचा द्या. स्वच्छ बोटानं हिरडी चोळा. धीर धरा.
चमचा त्यानं भिरकावला, कपाटाखाली गेला.
ओला फडका दोन मिनिटं चघळला.
धीर माझ्याकडे साडेबारापर्यंत होता.

शेजारची ऑर्फेलीनाबाई दार ठोठावते, हातात बाटली:
बोटावर थेंबभर पिस्को घे, हिरडीला लाव,
माझी पाचही अशीच वाढली.
मी नको म्हणते.
ती खांदे उडवते, तो थेंब स्वतःच पिते,
आणि जाते झोपायला.

मग येरझारा. मोरी ते खिडकी, अकरा पावलं.
खाली बंदर, पिवळ्या उजेडात क्रेन,
त्यातल्या एकीत रेनान बसलाय, चाळीस मीटर उंच,
अख्खे कंटेनर उचलून खाली ठेवतोय
अलगद, आवाजसुद्धा न करता.
मला सात किलो ठेवता येत नाहीत.
पाठ गादीला टेकली की डोळे टक्क.
बाळा म्हटलं, राजा म्हटलं, चोरा म्हटलं,
दाताच्या कण्या केल्या.

शेवटी करंगळी घातली त्याच्या तोंडात.
हातमोज्याशिवाय असं कुणाच्या तोंडात
शिरून वर्षं झाली असतील.
आणि लागली ती,
तांदळाच्या कणीची कड.
खालचा, डावा, पुढचा.
तक्त्यावर लिहायचा तर नुसता एक आकडा.
तो चावला.
आपलेच दात, आपलेच ओठ,
बोट तेवढं माझं.

मला ठाऊक आहे, हा दात आजचा नाही.
चौथ्या महिन्यातच पोटात त्याचं काम निघालं होतं,
मी वाटी वाटी खारवलेली ऑलिव्ह खायचे तेव्हा.
आणि त्याच्या आत एक रेघ असते,
सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी,
जन्माच्या दिवशी पडलेली.
रेघेच्या अलीकडचं माझ्या रक्तातलं,
पलीकडचं त्यानं स्वतः केलेलं.
(दूध माझंच. पण ते असो.)

तीन वाजून दहा मिनिटं.
आधी बश्या बोलल्या. मग दिवा. मग जमीन.
टेकडीवरचे सगळे कुत्रे एकदम.
मी दाराच्या चौकटीत, त्याला छातीशी धरून,
ऑर्फेलीनाबाई पायऱ्यांवर, गाऊनमध्ये, बाटलीसकट.
मी खालच्या त्या एका क्रेनकडे बघत राहिले
तिचा दिवा दोनदा मिटेपर्यंत.
म्हणजे ठीक आहे. आमची खूण.

वीस सेकंद असतील. असल्या धक्क्याला इथे कुणी नाव देत नाही.
खिडक्या उजळल्या, कुणी कुणाला हाका मारल्या,
अख्खी टेकडी जागी झाली
आणि हा
मान टाकून गाढ झोपलेला.

म्हणजे झोका मोठा हवा होता एवढंच.

मी त्याला खाली ठेवलं नाही.
कप्तान साडेआठला यायचाय.
तोंड उघडं होतं त्याचं, बाहेरचा उजेड पडला होता आत.
मी वाकून बघितलं.
सवय.