अळणी

ठरलं होतं तारकर्लीला जायचं.
जमुनाबाई चिलवेरीनं भिशीच्या वहीत लिहूनही ठेवलं होतं,
'समुद्र', आणि पुढं आकडा.
आकडा वर्षभर काही केल्या समुद्राएवढा झाला नाही.
मग मिनीबस जेऊरवरनं वळली
आणि कुगावच्या काठाला जाऊन थांबली.

विडी घरकुलातल्या आम्ही चौदाजणी.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि नको म्हणलं तरी यल्लूबाईच्या पिशवीत
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री, फर्मा.
"वाटेत हात रिकामा राहतो बे."

होडी पत्र्याची. इंजिन डिझेलचं.
नावाडी पोपट नगरे,
बोलायचं ते निम्मं हातानंच बोलणारा.
नारिंगी जाकिटं दिली त्यानं, नऊवारीवर, पाचवारीवर,
बक्कल कुणालाच लागेना.
"मधी बसा. सगळ्या एका अंगाला येऊ नका."
जन्मभर आम्ही एका अंगालाच बसलेल्या,
पाठ भिंतीला, मांडीवर सूप,
उजेड येईल तिकडं सरकत सरकत.
आम्हाला मधी बसवता बसवता
त्याची अर्धी दुपार गेली.

काठ सुटला
आणि एवढ्या बोलक्या बायका, कुणी बोलेचना.

पाणी.
पलीकडचा काठ दिसत नाही एवढं.
आमच्याकडं ते पाचव्या दिवशी येतं, रात्री अडीचला,
आधी नुसती हवा, मग गंज, मग करंगळीएवढी धार.
नरसम्मा बोल्लीनं तोंडाला पदर लावला.
"हे इथं पसरलंय होय, ऐसपैस!
आन् आम्ही तिकडं घागरी धरून जागे."
"सोलापूरला इथनंच जातं," पोपट म्हणाला,
परगावी कामाला गेलेल्या पोराबद्दल सांगावं
तसं.

मधेच त्यानं इंजिन बंद केलं.
"खाली आमची चक्की होती. पिठाची."
आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो,
होडी एका अंगाला कलली, तो ओरडला,
आम्ही परत मधी.
"चालू होती का, पाणी आलं तेव्हा?"
"आज्या म्हणायचा, कुणाचंतरी दळण राहिलं."
कुणाचं, ते त्याला माहीत नव्हतं.
लांबवर पांढरे पक्षी
एका पायावर उभे होते. त्यांना कशाचीच घाई नव्हती.

यल्लूबाईनं पिशवी उघडलीच नाही.
बोटं मात्र चालू होती तिची,
जाकिटाचा पट्टा गुंडाळ, सोड,
गुंडाळ, नखानं तोंड दुमड, सोड.
मी मोजत होते. सवयच ती. बावीसपर्यंत मोजलं.

मग ती वाकली.
दोघींनी मागून जाकीट धरलं.
ओंजळ भरली, जीभ लावली,
डोळे मिटून जरा वेळ तशीच बसली.
"समुद्र खारट असतो म्हणतात."
"मग?"
"अळणी हाय गं. मीठ घालायचं विसरलेत."
आणि होडी हलली एवढ्या आम्ही हसलो,
पोपटसुद्धा हसला, दात न दाखवता.

चाळीस वर्षं तंबाखू मुरलाय त्या बोटांत.
तिच्या हातचा लाडू नातवंडं खात नाहीत.
तिला ते पाणी कडूच लागलं असणार.
हे माझ्या लक्षात आलं
परतताना, मोहोळच्या पुढं कुठंतरी,
सगळ्या झोपल्या होत्या तेव्हा.

जमुनाबाईनं वहीतला 'समुद्र' खोडला नाही.
समोर कंसात कुगाव लिहिलं, खर्च लिहिला,
शिल्लक एकशे दहा.

तिसऱ्या रात्री नळ खोकला.
हवा. गंज. धार.
मी घागर लावली. ती कलली, तसं तिला म्हटलं,
मधी बस बाई, मधी.
भिंतीपलीकडनं यल्लूबाईचा आवाज, झोपेतला,
"आलं का गं, पोपटचं?"
"आलं की."

बराच वेळ नुसता घागरीचा आवाज.
मग पलीकडनं,
"मीठ?"