नो ड्यूज

कदंबच्या बसमधून फर्मागुडीला उतरलो
तेव्हा साडेदहा वाजले होते.
खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला: सात चौकोन, सात सह्या,
मग ओरिजिनल कागद, मग अनामत परत.
"मुलगा नाही आला?"
म्हटलं, कामावर आहे.
कसलं काम ते त्यांनी विचारलं नाही,
मलाही धड सांगता आलं नसतं.

तर असं मी ते कॉलेज पाहिलं,
दीड वर्ष नुसती फी भरलेलं.
लायब्ररीत चपला काढायच्या की नाही कळेना
म्हणून दारातच उभा राहिलो.
पोरं बूट घालून आत जात होती.
यशोधनच्या नावावर एक पुस्तक निघालं,
द्रवांबद्दलचं, जाड. दंड एक्केचाळीस रुपये.
पुस्तक माझ्या पिशवीतच होतं,
पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

फोनवर तो सांगायचा, जिमखान्यामागे काजूची झाडं आहेत.
आहेत.
कँटीनवाला बशीत चमचा द्यायला विसरतो.
विसरला.
हॉस्टेलच्या गच्चीवरून समुद्र दिसतो.
वॉचमनला विनवून वर गेलो, चारी बाजूंनी पाहिलं.
पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या जीन्स,
डोंगर, आणि डोंगरामागे डोंगर.
ही थाप आईसाठी असणार.
तिलाही मी दिसतो म्हणूनच सांगेन.

पाचवा चौकोन वर्कशॉपचा.
तिथं मात्र वास ओळखीचा:
कूलंट, जळकं तेल, लोखंडाचा कीस.
सही मिळाल्यावरही मी रेंगाळलो.
गावस मास्तर म्हणाले, "लेथवर हात होता हो त्याचा.
पेपरात नव्हता."
मी माझे हात फॉर्मखाली घेतले.
भेडशीत सव्वीस वर्षं पंप खोलतोय,
नखांतलं काळं आता लग्नकार्यालाही निघत नाही.
हे हात त्याला मिळू नयेत
म्हणून तर इथं धाडला होता.

सातवी सही साडेतीननंतर.
मग उतार उतरून फोंड्यात गेलो.
तिस्कावर उन्हात उभ्या रिक्षा,
मासळीवाल्यांची पाण्याची ओघळ,
एका हॉटेलात पातळभाजी आणि दोन पाव,
तिसरा मागितला तर पोऱ्या म्हणाला, संपले.
बाजारात कुणीच मला कुणाचा बाप म्हणून ओळखत नव्हतं.
बरं वाटलं. थोडा वेळ.

फॉर्मची एक प्रत असावी म्हणून
झेरॉक्सच्या दुकानात शिरलो.
कुंकळ्येकरांनी नाव वाचलं, चष्मा वर केला.
"यशोधन? तो तुमचो?"
वही काढली. सत्तावीस रुपये उधार.
सात सोडले, वीस घेतले.
म्हणाले, दुपारी मी जेवायला गेलो की दुकान त्याचं.
मशीन अडकायचं रोज. आता अडकत नाही.
मी विचारलं, दुपारी? कॉलेज असायचं ना?
"तें हांवें विचारूंक ना."

आणि झाकण उघडून दाखवलं,
कौतुकानं, शेजारच्या मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.
आत, कागद ओढणाऱ्या रोलरला
भलत्याच मापाची स्प्रिंग, एक वेढा कापून बसवलेली.
ती माझ्या डब्यातली.
अर्ध्या एचपीच्या सीलची, पितळी कडीवाली.
चवथीला तो घरी आला होता तेव्हा एक कमी भरली
आणि मी वासूला गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो.

झाकण मिटलं. हिरवा उजेड
सहा सह्यांवरून सरकत गेला.
कुंकळ्येकरांनी या प्रतीचे पैसे घेतले नाहीत.

चार वाजता खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला,
"झालं. आता काही येणं नाही तुमच्याकडून."
तीन हजारांतून एक्केचाळीस गेले,
बाकी मोजून घेतले, कागद छातीशी धरले.

डिचोलीला गाडी बदलायची होती.
स्टँडवर चहा घेताना
त्याला फोन लावायचा म्हणून मोबाइल काढला
आणि आधी वासूला लावला.
म्हटलं, अरे,
ती स्प्रिंग सापडली.