सातवा चरा

आयाकुचोत, डोंगराकडच्या प्रयोगशाळेत
एउलोहिया उंदरांची पोटं उसवते.
सुक्या जर्दाळूएवढं एकेक.
कात्रीनं उभं चिरायचं, पाण्याखाली धरायचं,
बुचाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणायचं
आणि भिंग घेऊन वाकायचं.

आतलं अस्तर. कोटाला असतं तसंच:
बाहेरून कोणी बघत नाही,
फाटलं की मात्र
कोट फाटल्याहून जास्त गार लागतं.

ह्याला नुसती दारू पाजलेली.
काळपट लाल चरे, एकोणीस.
त्याला आधी जांभळ्या मक्याचा अर्क,
तासाभरानं दारू.
चरे सहा. आणि एक अर्धवट.

"अर्धवट म्हणजे? सहा की सात?"
डॉक्टर पालोमीनो पेन थांबवून विचारतात.
ती सात म्हणते.
"झाडानं उन्हासाठी केलेली तजवीज आहे हा रंग," ते म्हणतात,
"माणसाचं एवढ्यात बोलायचं नाही."

ती बोलत नाही.

घरी पातेल्यात कणसं अख्खी रटरटतात,
दाणे नि गाभा, अननसाची सालं, चार लवंगा.
कॅलेंडरवरच्या संताला वाफेनं घाम फुटतो.
ओट्यावर सांडलेल्या थेंबावर ती लिंबू पिळते:
जांभळ्याचा लालभडक.
म्हणजे पोटातल्या आंबटातही
असाच होत असणार.

तिबुर्सियो खाणीवरून येतो,
बरगडीखाली मूठ रोवून बसतो.
"आज किती मारलेस?"
"चोवीस."
"आणि मी कुठल्या गटात?"
स्वतःच हसतो, हसताना कळ येते,
तरी हात उसाच्या दारूकडे.

"आधी हे," ती पेला सरकवते.
तो आधी ते घेतो, मग हे,
मग पुन्हा ते.
असला प्रयोग कुठल्या वहीत मांडायचा?

सोळा वर्षं तिनं त्याचं सगळं पोटात घातलं:
गहाण टाकलेलं शिवणयंत्र,
पोरीच्या बारशाला न येणं,
ती एक रात्र.
त्या अस्तराला कोणी टाचण्या लावलेल्या नाहीत.
तिनंही भिंग तिकडे वळवलेलं नाही.

सकाळी हातमोजे चढवताना
बोटं अजून जांभळी, नखांच्या कडेला जास्त.
पिंजऱ्यांत खुडबुड सुरू झालेली.
ती कालची वही उघडते,
सातच्या आकड्याकडे बघत राहते.
सहाच होते बहुतेक.