फिंजानभर

अकरावा दिवस.
नर्सनं दिलेलं प्लास्टिकचं माप कुठंतरी हरवलं,
म्हणून मौधी आता कॉफीच्या फिंजानात सूप देते.
बिनकानाची वाटी, तीन बोटांत मावणारी.
तिनं सिरिंजनं मोजून पाहिलं,
काठापासून नखभर खाली, बरोबर तीस मिलिलिटर.
एवढं प्यायचं, घोट घोट,
आणि मग पंधरा मिनिटं
घड्याळाकडं बघायचं नाही.

मी बघतो.

डॉक्टर म्हणाले होते, भूक जिथं तयार होते
तोच भाग काढलाय, नश्मी,
आता फारशी लागणार नाही.
पोटात कावळे ओरडतात म्हणावं
तर घरटंच कापून नेलंय त्यांनी.
मग रात्री अडीचला
हे कोण बसतं माझ्या टाळूवर
चोच घासत?
मी उठतो. फ्रीज उघडत नाही.
त्याच्यासमोर अनवाणी उभा राहतो
आतली घरघर ऐकत.
त्याच्याही पोटात काहीतरी आहे.

एकतीस वर्षं शुवैख बंदरात
मी वजनकाट्यावर होतो.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक, उरला तो माल.
तांदूळ, फरश्या, मेंढ्या.
मेंढ्या काट्यावर हलायच्या, आकडा ठरायचा नाही,
मी ड्रायव्हरला म्हणायचो, थांब रे,
जनावराला दम खाऊ दे.
आता सगळे मलाच म्हणतात, दम खा.
तेवढंच खायची परवानगी आहे.
नऊ किलो गेले अकरा दिवसांत.
कुठल्या गोदामात उतरवले,
पावती नाही.

आजोबा मोत्यांच्या बोटीवर होते.
पहाटे चार खजूर, कडू कॉफी, बस्स,
दिवसभर समुद्राच्या तळाशी जाऊन येणं.
भरल्या पोटानं बुडी मारता येत नाही, म्हणायचे.
त्यांचा फोटो नाही. बरगड्या आठवतात.
त्या बरगड्या मोजत वाढलेली माझी आई
आमच्या ताटात भात संपू द्यायची नाही.
ताटाचा तळ दिसला
की तिला वाटायचं, कुणीतरी बुडालं.
शेवटच्या आजारातही विचारलं तिनं,
जेवलास?
जेवलो होतो. दोनदा.
तरी हो म्हणालो नाही.

आज गुरुवार. दिवाणियात मंडळी जमली.
मधोमध मचबूसची परात आली,
वर आख्खं कोकरू, तळलेला कांदा, बेदाणे,
आणि वाफ
जी थेट, कुणाची ओळख न विचारता,
माझ्याकडं चालत आली.
सगळे मान खाली घालून भराभरा जेवू लागले,
जसं काही घरात मयत आहे.
मी म्हणालो, अबू फलाह, नीट जेव.
माझ्या वाटचं चाव.
तो हसला, आणि हाड चोखताना
एवढा आवाज केला मुद्दाम
की माझ्या दाढांना बरं वाटलं.

मिशारी थर्मास घेऊन फिरत होता,
बाकीच्यांना कॉफी, मला दुसऱ्या थर्मासातलं सूप.
नातू आहे, बारा वर्षांचा, डाव्या हातानं नेमकं ओततो.
आमच्यात पुरे असं म्हणत नाहीत.
फिंजान दोन बोटांत धरून जरासा हलवतात,
वाढणारा समजतो.
आयुष्यात मी तो कधी लवकर हलवला नाही.

पहिला झाला. पंधरा मिनिटं.
दुसरा झाला.
तिसऱ्या वेळी मिशारी वाकला
आणि माझा हात थरथरला,
अशक्तपणानं, की मी हलवला,
मलाही कळलं नाही.
त्यानं थर्मासचं झाकण लावलं,
आजोबा, झालं ना? म्हणाला,
आणि पुढं गेला.

मी त्याला परत हाक मारणार होतो.
फिंजान अजून गरम होता.
तेवढा वेळ तो धरून बसलो.